पवनचक्कीच्या विजेचा अचूक अंदाज: सॉफ्टवेअरमधलं मॉडेल पायरीपायरीने कसं बांधावं

पवनचक्कीचं मॉडेल उभं करायला फार वेळ लागत नाही. वाऱ्याचा डेटा उतरवायचा, उत्पादकाचा पॉवर कर्व्ह, म्हणजे कोणत्या वाऱ्याला किती वीज याचा तक्ता, लावायचा, की वर्षाचे युनिट बाहेर पडतात. खरी अडचण पुढे येते. ते युनिट प्रत्यक्ष मीटरशी जुळत नाहीत, आणि मग शेवटी ०.८५ किंवा ०.९ असा एखादा गुणक मारून आकडा बसवला जातो. तो गुणक कशाचा आहे हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की असा गुणक असलेलं मॉडेल पुढच्या कामाला निरुपयोगी असतं. जागा बदलली, यंत्र बदललं किंवा डेटाचा स्रोत बदलला की ते कोसळतं. म्हणून प्रत्येक दुरुस्ती तिच्या तिच्या जागी कशी करायची, ते या लेखात क्रमाने मांडतो.

उदाहरणासाठी सातारा जिल्ह्यातलं चाळकेवाडी-वनकुसवड्याचं पठार घेऊ. कोयनेच्या खोऱ्यावरचा हा उघडा सडा महाराष्ट्रातल्या पवनऊर्जेच्या जुन्या आणि मोठ्या जागांपैकी एक आहे, आणि मॉडेल चुकवणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी इथे एकत्र आहेत: उंची, कडे, मोसमी वारा आणि जवळजवळ उभी यंत्रं. यंत्र मात्र काल्पनिक घेतो, म्हणजे गणित सोपं राहील: क्षमता २ मेगावॉट, पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ११० मीटर, हबची, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्याची, उंची ९० मीटर.

सॉफ्टवेअर म्हणून एका यंत्रासाठी पायथनमधली विंडपॉवरलिब पुरेशी आहे. अनेक यंत्रांच्या प्रकल्पासाठी डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठाचं पायवेक किंवा अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचं फ्लोरिस घ्या. तिन्ही मोफत आणि मुक्त स्रोत आहेत. विंडप्रो किंवा वास्प ही सॉफ्टवेअर वापरत असाल तरी पुढच्या पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १: यंत्राची कागदपत्रं नीट वाचा

पॉवर कर्व्हचा तक्ता म्हणजे दोन रकाने, वाऱ्याचा वेग आणि किलोवॉट. पण त्या तक्त्याच्या वर-खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं तेच महत्त्वाचं. तो तक्ता हवेच्या कोणत्या घनतेसाठी आहे? बहुतेक वेळा १.२२५ किलो प्रति घनमीटर असते, म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसला असणारी हवा. वीज कुठे मोजली आहे, ट्रान्सफॉर्मरच्या आधी की नंतर? वाऱ्यातली खळबळ, म्हणजे टर्ब्युलन्स, किती धरली आहे? पाती कोन बदलून वेग आवरतात की स्टॉल पद्धतीची आहेत, म्हणजे कोन न बदलता जोराच्या वाऱ्यात आपोआप जोर गमावणारी? किती वेगाला यंत्र थांबतं आणि परत सुरू व्हायला वारा किती खाली यावा लागतो?

याच्या जोडीला थ्रस्ट गुणांकाचा, म्हणजे यंत्र वाऱ्याला किती अडवतं याचा, तक्ताही मागून घ्या. एकट्या यंत्राला तो लागत नाही, पण मागच्या यंत्रावर पडणाऱ्या सावलीचं, म्हणजे पुढच्या यंत्राने मंदावलेल्या वाऱ्याचं, गणित त्याच्याशिवाय होत नाही. उत्पादकाकडे वेगवेगळ्या घनतांचे कर्व्ह बहुधा तयार असतात. १.०५ च्या आसपासचा मिळाला तर चौथ्या पायरीतलं बरंचसं काम वाचतं, म्हणून तो हक्काने मागा.

पायरी २: वाऱ्याचा डेटा

सगळ्यात आधी: मासिक किंवा वार्षिक सरासरी वेग मॉडेलमध्ये कधीही घालू नका. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. अर्धा वेळ ४ मीटर प्रति सेकंद आणि अर्धा वेळ १२ वारा असेल तर सरासरी ८ येते. ८ चा घन ५१२. पण ४ आणि १२ यांच्या घनांची सरासरी ८९६ आहे. म्हणजे सरासरी घेताक्षणी सुमारे ४३ टक्के ऊर्जा गणितातून गळाली. तासाचा डेटा ही किमान अट समजा. दहा मिनिटांचा मिळाला तर उत्तमच, कारण पॉवर कर्व्ह मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानकच, आयईसी ६१४००-१२-१, दहा मिनिटांच्या सरासरीवर उभं आहे.

जागेवर मास्ट, म्हणजे वारा मोजणारा मनोरा, नसेल तर बहुतेक जण युरोपच्या हवामान केंद्राचा ईआरए५ डेटा घेतात. त्यात १०० मीटर उंचीवरचा तासातासाचा वारा १९४० पासून उपलब्ध आहे. चांगलाच डेटा आहे, पण तो वापरताना चार ठिकाणी जपावं लागतं.

पहिलं, वारा दोन घटकांत मिळतो, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण. प्रत्येक तासाला दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, मगच सरासरी घ्यायची तर घ्या. आधी घटकांची सरासरी काढली तर एका तासाचा पश्चिमेचा ६ आणि दुसऱ्या तासाचा पूर्वेचा ६ मिळून शून्य होतात.

दुसरं, वेळ. ईआरए५ जागतिक प्रमाणवेळेत आहे, आपली वेळ साडेपाच तास पुढे. त्यातला अर्धा तास त्रास देतो: तिकडचे ००:०० म्हणजे आपले ०५:३०. यंत्राच्या स्काडा नोंदी, म्हणजे त्याच्या नियंत्रण प्रणालीत आपोआप साठणारे आकडे, भारतीय वेळेत दहा मिनिटांच्या असतात, आणि वेळेचा शिक्का अवधीच्या सुरुवातीचा आहे की शेवटचा, हे प्रत्येक पुरवठादाराचं वेगळं असतं. हे आधी ठरवून घ्या. नाहीतर तासागणिक तुलना करताना चांगलं मॉडेलही वाईट दिसतं.

तिसरं, ईआरए५ चा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा आहे. सह्याद्रीच्या धारेवर एवढ्या अंतरात कोकणचा तळ, कडा आणि पठार सगळं येतं. त्या सगळ्याची सरासरी जमीन धरून मॉडेल वारा काढतं, त्यामुळे कड्यावरून चढून वेग घेणारा वारा त्याला दिसतच नाही. अशा जागी ईआरए५ चा वेग कमी येतो. ग्लोबल विंड ॲटलस २५० मीटरच्या जाळीवर आहे. त्याच्या दीर्घकालीन सरासरीशी ताडून ईआरए५ ची तासिक मालिका वर-खाली करून घेता येते. तरीही खऱ्या मास्टचा एक वर्षाचा डेटा मिळत असेल तर तो या सगळ्यापेक्षा मोलाचा. तो ईआरए५ शी दिशेनुसार जोडून वीस वर्षं मागे नेला की एखाद्या जोरदार किंवा मंद पावसाळ्याने फसवलं जाण्याची भीती कमी होते. या पठारावर वर्षाच्या विजेचा मोठा भाग नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या महिन्यांत तयार होतो, त्यामुळे एकच पावसाळा बघून काढलेला आकडा धोक्याचा असतो.

चौथं, दाब. त्याचा मुद्दा चौथ्या पायरीत येतो.

वास्पसारखी रेषीय मॉडेलं वापरणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. उतार साधारण १७ अंशांपेक्षा तीव्र झाला की वारा जमिनीला धरून राहत नाही, सुटतो. रेषीय मॉडेलला ते कळत नाही आणि ते माथ्यावरचा वेग फुगवून दाखवतं. कड्याच्या अगदी काठावर यंत्र असेल तर मास्ट किंवा सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं सविस्तर संगणकी गणित, यांना पर्याय नाही.

पायरी ३: वारा हबच्या उंचीवर न्या

मास्टवर ५० आणि ८० मीटरला वेग मोजले असतील तर त्यांच्यातूनच उंचीबरोबर वेग किती वाढतो हे सांगणारा घातांक काढा. समजा सरासरी ६.२ आणि ६.६ आली. वेगांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम भागिले उंचींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम: ०.०६२५ भागिले ०.४७०, म्हणजे ०.१३३. हा घातांक लावून ८० वरून ९० मीटरवर गेलात तर वेग सुमारे ६.७ होतो. जवळच्या दोन उंचींमधलं हे अंतर कापणं सुरक्षित आहे. १० मीटरच्या हवामानखात्याच्या नोंदीवरून थेट ९० मीटरवर उडी मारणं मात्र नाही. तिथे घातांकातली छोटी चूक नऊपट उंचीवर ताणली जाते आणि वर तिचा घन होतो.

एक सातवांश, म्हणजे ०.१४३, हा घातांक पुस्तकांत सर्रास सापडतो. तो सपाट, उघड्या जमिनीसाठी आहे. खडबडीतपणाची लांबी वापरणारा लॉगरिदमिक नियम निवडलात तर आखूड गवताच्या सड्यासाठी ०.०३ मीटर, शेतासाठी ०.१, आणि झाडीसाठी त्याच्या कितीतरी पट धरावं लागतं. पण उघड्या सड्याच्या काठावर हे दोन्ही नियम डळमळतात. कड्यावरून वर ढकललेला वारा जमिनीजवळच वेग घेतो, आणि वर जाताना वेग फारसा वाढत नाही, कधी घटतोही. शिवाय दिवसा ऊन तापलं की हवा ढवळली जाते आणि घातांक खाली येतो, रात्री तो वाढतो. वर्षभरासाठी एकच घातांक धरला तर वार्षिक बेरीज कदाचित जमेल, पण दिवसातल्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकचं वेळापत्रक ग्रीडला द्यायचं असेल तर दिवस आणि रात्र वेगळेच काढायला हवेत.

आपल्या यंत्राची पाती जमिनीपासून ३५ मीटरवरून १४५ मीटरपर्यंत फिरतात. एवढ्या पट्ट्यात हबचा एकच वेग प्रातिनिधिक असेलच असं नाही. मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत त्यासाठी संपूर्ण वर्तुळाचा समतुल्य वेग काढायची पद्धत आली आहे. लायडारने, म्हणजे लेझरने वारा मोजणाऱ्या उपकरणाने, अनेक उंचींवर मोजलेलं असेल तर ती वापरा, नसेल तर सोडून द्या.

पायरी ४: हवेची घनता

पठारावरच्या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, म्हणून जरा थांबून बघू.

समुद्रसपाटीपासून ११०० मीटर उंची धरा. प्रमाण वातावरणात तिथे दाब सुमारे ८८८ हेक्टोपास्कल असतो. तापमान २४ अंश, म्हणजे २९७ केल्विन. दाब पास्कलमध्ये घेऊन त्याला २८७ आणि केल्विन तापमान यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर येतं १.०४. कर्व्ह १.२२५ साठी आहे, म्हणजे हवा १५ टक्के हलकी. पावसाळ्यात दमट हवा आणखी साधारण एक टक्का हलकी होते, कारण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. तुलनेसाठी देवगडचा किनारा घ्या: समुद्राला लागून, २८ अंश तापमानाला घनता १.१७ च्या जवळपास येते. तेच यंत्र, तोच वेग, आणि सड्यावर देवगडपेक्षा दहा-अकरा टक्के कमी ऊर्जा.

दुरुस्ती कशी करायची हे यंत्राच्या जातीवर अवलंबून आहे. स्टॉल पद्धतीच्या जुन्या यंत्रात किलोवॉटला थेट घनतेच्या गुणोत्तराने गुणतात. पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रात तसं केलं तर पूर्ण क्षमतेचे २००० किलोवॉटही १७०० होतील, आणि ते साफ चूक आहे: हवा हलकी असली तरी हे यंत्र पुरेशा वाऱ्यात २००० देतंच, फक्त थोड्या जास्त वेगाला. म्हणून मानक सांगतं की दुरुस्ती वेगाला लावा. वेगाला घनतेच्या गुणोत्तराच्या घनमूळाने गुणा. ०.८५ चं घनमूळ ०.९४७ आहे. सड्यावरचा ८ चा वारा यंत्राला ७.६ सारखा लागतो.

विंडपॉवरलिबमध्ये यापुढची एक सुधारणा आहे. घातांक ७.५ मीटर प्रति सेकंदापर्यंत एक तृतीयांश, मग हळूहळू वाढत १२.५ ला दोन तृतीयांश. पूर्ण क्षमतेजवळ यंत्राची कार्यक्षमता उतरू लागते, त्या भागात हे जास्त खरं ठरतं. पण लक्षात ठेवा, घनतेच्या दुरुस्तीचा हा पर्याय मुळात बंद असतो. तो स्वतः चालू करावा लागतो. फ्लोरिसच्या नमुना फाइलमध्येही घनता १.२२५ लिहिलेली असते. मॉडेल पहिल्यांदा चालवण्याआधी या दोन्ही गोष्टी तपासायची सवय लावा.

आता दाबाचा मुद्दा. ईआरए५ मधला पृष्ठभागाचा दाब त्याच्या स्वतःच्या जमिनीच्या उंचीला आहे, तुमच्या जागेच्या नाही. समजा त्याच्या चौकोनाची जमीन ६०० मीटरवर आहे आणि तुमचं यंत्र ११०० वर. त्या ५०० मीटरमध्ये दाब पन्नासेक हेक्टोपास्कलने उतरतो, आणि घनतेत पाच टक्क्यांच्या आसपास चूक बसते. ईआरए५ सोबत मिळणाऱ्या भूविभवाच्या आकड्याला ९.८१ ने भागलं की त्याच्या जमिनीची उंची कळते. फरक काढा आणि दाब, तापमान दोन्ही आपल्या उंचीवर आणा.

पायरी ५: कर्व्हमधून वीज वाचणं

ही पायरी सोपी आहे, पण एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांना ती हमखास नडते. तक्त्यातून आकडा शोधणारं व्हीलुकअप सूत्र अंदाजे जुळणीवर लावलं की ते आधीच्या, कमी वेगाच्या ओळीचा आकडा उचलतं. आपल्या यंत्राला प्रमाण घनतेत कार्यक्षमता ०.४४ धरली तर ७ मीटर प्रति सेकंदाला ८७८ किलोवॉट येतात आणि ७.४ ला १०३८. तक्ता एकेका मीटरचा असेल तर व्हीलुकअप ७.४ लाही ८७८ च देईल. पंधरा टक्के गेले, आणि नेहमी एकाच बाजूला. दोन ओळींच्या मधला आकडा प्रमाणाने काढा, तक्ता अर्ध्या मीटरचा घ्या, आणि थांबण्याच्या वेगापुढे शून्य लिहिलंय याची खात्री करा. काही सूत्रं शेवटचा आकडा तसाच पुढे ओढतात, मग वादळातही यंत्र २००० किलोवॉट देताना दिसतं.

कार्यक्षमतेचा तक्ता स्वतः तयार केला असेल तर कुठेही ०.५९३ ओलांडत नाही ना ते बघा. ती बेट्झची मर्यादा आहे, सोळा सत्तावीसांश. चांगल्या यंत्रांची कमाल कार्यक्षमता तिच्या बरीच खाली असते, त्यामुळे ०.५ च्या वर आकडा दिसला तरी एकके पुन्हा तपासा.

खळबळ जास्त असेल तर कर्व्हचा खांदा गोल होतो: कमी वाऱ्यात वीज किंचित वाढते, पूर्ण क्षमतेजवळ घटते. विंडपॉवरलिबमध्ये कर्व्ह असा गुळगुळीत करण्याची सोय आहे.

पायरी ६: पुढच्या यंत्राची सावली

पुढचं यंत्र वाऱ्यातली ऊर्जा काढून घेतं, मागच्याला मंदावलेला वारा मिळतो. यासाठी सगळ्यात जुनं आणि अजूनही कामाचं सूत्र म्हणजे १९८३ चं येन्सनचं. थ्रस्ट गुणांक ०.८ आणि जमिनीवरचा नेहमीचा पसरण्याचा गुणांक ०.०७५ घेतला, तर पाच व्यासांवर, म्हणजे ५५० मीटर मागे, वेग १८ टक्क्यांनी कमी भरतो. ०.८२ चा घन ०.५५. ऐन रांगेत वारा आला तर मागच्या यंत्राची पंचेचाळीस टक्के वीज गेली. दहा व्यासांवर वेगातली घट ९ टक्क्यांवर येते.

वर्षभराचा तोटा एवढा नसतो, कारण वारा रोज रांगेतूनच येत नाही. पण सातारच्या पठारावर पश्चिम-नैऋत्येचा वारा महिनोन्महिने एकाच बाजूने वाहतो. वाऱ्याच्या दिशेत एकामागे एक आलेली यंत्रं त्यामुळे जास्त भोगतात. म्हणून सगळ्या प्रकल्पाला सरसकट आठ-दहा टक्के लावू नका. पायवेकमध्ये प्रत्येक यंत्राचे निर्देशांक घाला, दिशेच्या एकेक अंशाने गणित चालवा, आणि बास्तानखाह व पोर्ते-आजेल यांचं २०१४ चं गाउसियन मॉडेलही शेजारी चालवून बघा. दोन्हींतला फरक हाच तुमच्या अनिश्चिततेचा पहिला अंदाज. शेजारच्या कंपनीची यंत्रंही मॉडेलमध्ये हवीत, सावली मालकी बघत नाही.

पायरी ७: बाकीचे तोटे

यंत्र बंद असण्याचा वेळ, केबल आणि ट्रान्सफॉर्मर, पात्यांवर बसलेली धूळ-किडे आणि झीज, ग्रीडच्या आदेशाने कमी केलेलं उत्पादन. प्रत्येकाची स्वतंत्र ओळ ठेवा आणि प्रत्येक तोटा वजा जाता उरलेल्या भागांचा गुणाकार करा. कर्व्ह ट्रान्सफॉर्मरनंतरचा असेल तर तो तोटा पुन्हा वजा करू नका. देखभालीसाठीचा बंद काळ बाराही महिन्यांत सारखा वाटू नका: नियोजित कामं मंद वाऱ्याच्या महिन्यांत काढली जातात, तर पावसाळ्यातल्या बिघाडाचा एक दिवस हिवाळ्यातल्या कित्येक दिवसांएवढा महाग पडतो.

पायरी ८: पडताळणी

आता स्काडाशी ताडा. आधी स्काडा साफ करा. वारा आहे आणि वीज शून्य, ते यंत्र बंद होतं. वारा वाढतोय आणि वीज एकाच आकड्यावर आडवी राहिली आहे, तीही पूर्ण क्षमतेच्या खाली, ते आदेशाने रोखलेलं उत्पादन. या नोंदी बाजूला काढा. उरलेल्या नोंदी अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या कप्प्यांत टाकून प्रत्येक कप्प्याचा मध्यक घ्या आणि दुरुस्त कर्व्हवर ठेवा. नॅसेलवरचा, म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावरच्या यंत्रपेटीवरचा, वेगमापक पात्यांच्या मागे बसलेला असतो, त्याचा वेग मोकळ्या वाऱ्याचा नसतो. उत्पादकाचं रूपांतर सूत्र त्यात आधीच घातलंय का ते विचारून घ्या.

एकूण युनिट जुळले म्हणून थांबू नका. का, ते आपल्याच आकड्यांवर बघा. ईआरए५ ने वारा पाच टक्के कमी दाखवला तर वीज ०.८५७ पट होते. घनतेची दुरुस्ती विसरली तर ती १.१७६ पट होते. दोन्हींचा गुणाकार १.००८. दोन ढोबळ चुका, आणि बेरीज एका टक्क्यात बरोबर. हेच मॉडेल देवगडला नेलं तर तिथे घनतेची चूक पाचच टक्क्यांची उरते, वाऱ्याची चूकही वेगळी असते, आणि आकडा कुठल्या कुठे जातो. मास्टचा अचूक वारा मिळाल्यावर तर गंमतच उलटते: डेटा सुधारला आणि निकाल बिघडला असं दिसतं.

म्हणून तुलना फोडून करा. वेगाची वेगळी, मास्ट विरुद्ध मॉडेल. कर्व्हची वेगळी, मोजलेला वेग घालून. मग महिन्यानुसार, दिवसातल्या तासानुसार, आणि वाऱ्याच्या तीस-तीस अंशांच्या दिशेनुसार. फक्त रात्री चूक दिसली तर तिसऱ्या पायरीकडे जा. एकाच दिशेत दिसली तर सहाव्या पायरीकडे, नाहीतर त्या बाजूच्या कड्याकडे बघा. पूर्ण क्षमतेच्या थोडं खाली सगळ्याच दिशांना दिसली तर घनता किंवा खळबळ. पावसाळ्यात जोराच्या वाऱ्यात वीज मॉडेलपेक्षा एकदम कमी दिसली तर थांबून पुन्हा सुरू होण्याचा नियम तपासा: २५ ला थांबलेलं यंत्र वारा २४ वर आला म्हणून लगेच फिरत नाही.

हे सगळं झाल्यावरही काही टक्के फरक उरेल. तो फरक मॉडेलच्या फाइलमध्ये वेगळ्या ओळीत, कोणत्या काळाच्या आणि कोणत्या यंत्रांच्या नोंदींवरून काढला हे लिहून ठेवा. दुसऱ्या जागेसाठी फाइल उघडताना ती ओळ सगळ्यात आधी कोरी करा.